पट्ट्यावरचं प्लास्टिक

३ मार्च
शेजारचा वेल्डर कारखान्याच्या दारातच रक्त जाऊन गेला. भोवती माणसं मोबाइल धरून उभी. धिक्कार असो! संकल्प: आमच्या काचेच्या दुकानात असं कोणी मरणार नाही. मी मरू देणार नाही. रक्त थांबवायचा पट्टा मागवला. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, आधी तो मोडका स्टूल बदल.

९ मार्च
पट्टा आला. काय वस्तू आहे! जखमेच्या वर बांधायचा, दांडी पिळायची, रक्त बंद. वरचं प्लास्टिक काढलं नाही. आईची शिस्त. रिमोट, मिक्सर, सोफा, सगळं अजून कोरं आहे. धाकट्याची बायको म्हणते, भाऊजी, तुमच्या सोफ्यावर बसलं की पाचोळ्यात बसल्यासारखं वाटतं. म्हणो बापडी.

१४ मार्च
दवाखान्यात प्रशिक्षण. नर्सबाई म्हणाल्या, घरी गेलात की वेष्टन काढा, स्वतःच्या पायावर लावून बघा. दुखेपर्यंत पिळा, न दुखणारा पट्टा रक्त थांबवत नाही. आणि पट्टा बांधून होईपर्यंत जखमेत कापड कोंबून अंगाचा सगळा भार टाका. मग मी उठून समाजाच्या बेफिकिरीवर बोललो. टाळ्या! बाकीच्यांनी सराव केला. मला गरज नाही. तत्त्व कळलंय.

२ एप्रिल
धाकटा मागेच लागलाय. दादा, एकदा माझ्या मांडीवर लावून बघ की. म्हटलं, उघडली की वस्तू जुनी होते. म्हणाला, मग हार घाल तिला. तोंडाळ आहे लहानपणापासून. हसलो दोघंही.

१९ एप्रिल
रविवारी सराव. नक्की.

२६ एप्रिल
पाहुणे आले. पुढच्या रविवारी.

७ मे
मोठी काच उचलताना निसटली. धाकट्याची मांडी.
दुकानात आम्ही दोघंच. फोन केला. पट्टा घेतला. प्लास्टिक फाटेना. हात रक्ताने बुळबुळीत. दातांनी ओढलं. पुन्हा ओढलं. जखमेवर कोणाचाच हात नव्हता. तो फरशीवर बसून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, राहू दे दादा. नवा आहे ना.

९ मे
कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं. असलं जाड प्लास्टिक! रुग्णवाहिकाही उशिरा आली. भेटायला येणारे म्हणतात, तुमचा काय दोष. तेच तर. माझा काय दोष.

२० मे
धाकट्याची बायको आली. सोफ्यावर बसली. पाचोळा वाजला तशी उठली आणि खाली फरशीवर बसली. म्हणाली, भाऊजी, शेवटी काही बोलले का ते? म्हटलं, नाही, वेळच मिळाला नाही.

२१ मे
पत्रासाठी पट्टा पुन्हा काढला. प्लास्टिकवर रक्त वाळलेलं. कोपऱ्यात एक छोटी खाच आहे. तिथून चिमटीत धरून ओढलं. लगेच फाटलं.
पत्र राहिलं.
पट्टा स्वतःच्या मांडीवर बांधला. दांडी पिळली. दुखलं. अजून पिळली. नर्सबाईंचं बरोबर होतं.
मग सुटेना. धाकट्याला हाक मारली.