शेपूट बांधलंय, तोंड मोकळं हाय

तालुका शिराळा
माघातला बुधवार

सांगलीच्या हळदपेठेचे भूषण श्रीमान धन्यकुमार यांस लालासाहेबाचा रामराम, आणि तुमच्या घरच्या रीतीनं जय जिनेंद्र. वहिनींना नमस्कार सांग. गुडघा कसा हाय? रक्तातली साखर उतरली का अजून चढतीच हाय? (गड्या, साखर कारखान्यात वाढावी, माणसात वाढून कुणाचं भलं झालेलं मी बघितलं न्हाई.) आमच्याकडं ऊस तुटून गेला, म्हैस व्याली, थंडी सरत आली. एवढं सोडलं तर कुशल म्हणावं असं काही न्हाई.

खिशात फोन असताना हा बाबा कागद का काळा करतोय, असं तू म्हणशील. तर तुला फोनवर ऐकू यावं म्हणून मी ओरडायला लागलो की तुझ्याआधी आमच्या आळीला सगळं कळतं. आणि जिच्याविषयी लिहायचं, ती आमची घरवाली विजयमाला माजघरातच बसलेली असती. तिचा डोळा गेला, पण कान शाबूत हायेत. (डोळ्याचं पुढं येतंय, दम धर.) तुझ्याकडं मागणं काही न्हाई. मन हलकं करायला लिहितोय. गावात कुणापुढं बोलायची सोय उरलेली न्हाई.

तुला ठाऊकच हाय, आमचा शिवतेज कॅनडात असतो, विनिपेग म्हणून गाव हाय तिथं. सूनबाई प्रियदर्शनीला दिवस गेले तेव्हा बाळंतपणाला म्हणून विजयमाला आषाढात तिकडं गेली. मी गेलो न्हाई. म्हशी कुणी बघायच्या? शिवाय फौजेत असताना एक हिवाळा बर्फात काढलाय, त्याचं मला कौतुक उरलेलं न्हाई. तर ही गेली, आणि मागोमाग श्रावण आला. आता विजयमालाचं माहेर शिराळ्याचं. जिथं पोर चालायला लागायच्या आधी नागाला हात जोडायला शिकतं, तिथली ही लेक. जन्मात तिची नागपंचमी चुकलेली न्हवती. विनिपेगमध्ये ना वारूळ, ना कुंभाराचा मातीचा नाग. मग हिनं सुनेच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गंधानं नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या आणि पदर डोक्यावर घेऊन बसली. सूनबाई दिवस भरत आलेली, बिचारी पाय ओढत पाणी प्यायला आली. ओट्यावर डाग दिसला, तिनं फवारा मारला आणि फडक्यानं पुसून टाकला. पोरीच्या मनात काही न्हवतं. पण हिच्या मनात बसलं. बोलली मात्र एका शब्दानं न्हाई. (बोलली असती तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती.)

भाद्रपदात नात झाली. शिवांजली नाव ठेवलं. दिवाळीपर्यंत सगळं गोड चाललं होतं. हिनं तेल चोळावं, शेक द्यावा, पोरगीनं हिच्या मांडीवर नबाबासारखं पडावं. मग बर्फ सुरू झालं, आणि हिच्या कपाळाच्या डाव्या बाजूला आग व्हायला लागली. पाठोपाठ पाणी भरलेल्या फोडांची ओळ उठली. नागीण म्हंजे काय ते तुला सांगायला नको. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की तिचं तोंड आणि शेपूट एकमेकाला भिडलं की माणूस संपला.

तिचा फोन आला तेव्हा मी धार काढून नुकता आलो होतो. इथं सकाळ होती, तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ. माझी बायको मला कालच्या दिवसातून हाक मारत होती. "आवं," म्हणाली, "नागीण आलीय. पुसल्याला नाग माघारी आलाय." मी विचारलं, पोरास्नी सांगितलंस का? "न्हाई. त्यास्नी काय कळतंय? तुमी साळूबाईकडं जावा."

ही साळूबाई नागीण बांधते. पंचक्रोशीत तिचं नाव हाय. आता बघ, मी फौजेतला माणूस. डॉक्टरनं गोळी दिली की गिळायची, कशाची म्हणून विचारायचं न्हाई, हे अंगात मुरलेलं. तरी मोटारसायकलला किक मारली ती साळूबाईच्या वाटेला. का? तिकडचा दवाखाना, तिकडचा डॉक्टर, तिकडची भाषा, ह्यातलं माझ्या हातात काय होतं? साळूबाईचं घर तेवढं माझ्या रस्त्यावर होतं. इतक्या लांबून बायकोनं काहीतरी मागितलं आणि ते मला देता येत होतं. त्या आनंदात गेलो मी, दुसरं काय!

साळूबाई म्हणाली, पेशंट समोर पायजे. मग संध्याकाळी, तिकडं उजाडल्यावर, मी फोन उभा केला, खाली ज्वारीचं मापटं टेकू म्हणून लावलं. तिकडं सूनबाई बाळाला घेऊन खोलीत, शिवतेज कामावर, आणि ही न्हाणीघरात कडी लावून कपडे धुवायच्या यंत्रापुढं बसलेली. पूर्वेला तोंड करून बस, असा साळूबाईचा हुकूम झाला. खिडकीबाहेर सूर्य कुठला, सगळं पांढरं. शेवटी यंत्र हीच पूर्व धरली. साळूबाईनं वाटीत गेरू कालवला, दर्भाची काडी बुडवली आणि फोनच्या काचेवरच विजयमालाच्या चेहऱ्याभोवती रेघ ओढत मंतर सुरू केला. (त्या गेरूचा डाग अजून फोनच्या कडेला हाय. तुझा फोन आला की तुझं नाव तांबडं दिसतं.) निम्मा मंतर झाला, आणि रेंज गेली. पडद्यावर विजयमाला तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठली. साळूबाईनं कपाळाला हात लावला. "घात झाला सुभेदार," ती म्हणाली. (मी हवालदार म्हणून रिटायर झालो, पण ती पहिल्यापासून बढती देते.) "शेपूट बांधलंय, तोंड मोकळं ऱ्हायलं. आता फुडच्या आयतवाराबिगर मंतर न्हाई." तोवर पथ्य असं, की सुई टोचायची न्हाई, मलम लावायचं न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई आणि नावही घ्यायचं न्हाई. तिकडं गेरू मिळेना म्हणून हिनं कुंकू खोबरेलात कालवून लावलं. हीटरच्या धगीनं पुरळ आलंय म्हणून पोरांना सांगितलं आणि पदर कपाळावर ओढून घेतला.

आयतवार यायच्या आधीच डोळा सुजून बंद झाला. सकाळी सूनबाईनं पदर बाजूला केला आणि किंचाळली. शिवतेज हिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. दारात उतरवलं आणि गाडी लावायला जागा शोधत बसला, कारण तिकडं बर्फात जागा मिळणं म्हंजे लग्नात पंगतीला पहिला पाट मिळण्यासारखं. आत हिच्यापुढं डॉक्टर, नर्स, आणि टेबलावर एक फोन. त्या फोनात मराठीचं इंग्रजी करून देणारी कुणी मुलगी बसवलेली. जन्म तिकडचाच असणार. काय होतंय, म्हणून तिनं विचारलं. नाव घ्यायचं न्हाई म्हणून ही गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. शेवटी आगीनं जीव नकोसा झाला तेव्हा बोलली, "नागीण आलीय. डोस्क्यावर आलीय."

त्या मुलीनं शब्दाला शब्द लावला असणार. नर्स एकदम दाराकडं सरकली. डॉक्टरनं विचारलं, साप कधी चावला? ही म्हणाली, चावली न्हाई, आपणहून आलीय. आता कुठाय? "हितंच हाय की." मारली का? हिनं जीभ चावली. "अगं, असं बोलू नये. शेपूट बांधलंय, तोंड मोकळं हाय." बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत हिची पिशवी काठीनं उलटी केली. निघालं काय? जपमाळ, काजूकतलीचे दोन तुकडे आणि लेकाची लहानपणची लोकरीची टोपी. तेवढ्यात शिवतेज आला. सगळं ऐकून आधी हसला. मग आईचा डोळा बघितला आणि भिंतीला टेकला. एक म्हातारी डॉक्टरीण आली, तिनं नुसतं बघूनच ओळखलं. तिकडंही असती म्हणे नागीण, नुसतं नाव वेगळं. औषधही असतं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलं तर चांगला गुण येतो. ते दिवस आम्ही आयतवाराची वाट बघण्यात घालवले होते.

गड्या, इथवर हसला असशील तर हस. मीही शिवतेजच्या तोंडून ऐकताना हसलो होतो. पुढचं ऐकताना मात्र मी ओसरीवरून उठून गोठ्यात गेलो. औषधं सुरू झाली, पण डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली होती. मग डॉक्टरणीनं विचारलं, घरात तान्हं बाळ हाय का? फोड वाळेपर्यंत बाळाला हिच्याजवळ द्यायचं न्हाई. फोडातलं पाणी लागलं तर बाळाला कांजिण्या होतील, एवढंच तिचं म्हणणं. फोनातल्या मुलीनं ते कसं सांगितलं आणि हिनं कसं ऐकलं देव जाणे. हिच्या कानात पडलं ते एवढंच, की तुझी दृष्ट बाळाला लागंल. जिनं त्या पोरीला तेल चोळून चोळून बाळसं आणलं, ती काचेच्या दाराअलीकडं बसून राहिली. पलीकडं पोरगी रडायची आणि अलीकडं हिचे हात मांडीवर उगाच हलायचे.

सूनबाईच्या जिवाला बाळाचा घोर होताच. एकदा तिचा बांध फुटला. "आई, इतके दिवस बाळ तुमच्या मांडीवर होतं. मला एकदा तरी सांगायचं!" विजयमालानं चांगल्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं आणि श्रावणापासून पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. "तू नाग पुसलास." झालं! पोरीला आधी कळेनाच कुठला नाग. शिवतेजनं समजावून सांगितल्यावर ती ओट्यापाशी गेली आणि तिथं हात ठेवून रडत बसली म्हणे. त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, पण एकमेकीशी बोलल्या न्हाईत. बाळाला काही झालं न्हाई, ही देवाची कृपा. पण फोड वाळले, दाराची कडी निघाली, तरी हिनं बाळाला हात लावला न्हाई. लवकरचं तिकीट काढायला लावलं आणि संक्रांतीच्या आधी माघारी आली.

आता डाव्या डोळ्यापुढं धुकं हाय. बुबुळावर पांढरं दिसतं. कपाळात अजून कळा मारतात, वाऱ्याची झुळूक लागली तरी कळवळते. गावात सांगते, बर्फाची झळ लागली. शिवतेज सांगतो, मिरजेला दाखवा, बुबुळ बदलता येतं, नजर येईल. ही म्हणते, तोंड मोकळं ऱ्हायलंय ते आता उजव्या डोळ्याकडं वळंल, चाळवू नका.

मी तिरीमिरीत साळूबाईकडं गेलो. लय बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सुभेदार, वैनीनं मला कपाळ दावलं. डोळ्यावर पदर हुता. डोळ्याजवळ आलीय म्हनली असती तर मी हात लावला असता व्हय? डोळ्याचं मला काय कळतंय? माझं दोनी मोतीबिंदू मिरजंलाच काढल्यात की!" आणि पदर डोळ्याला लावून रडायला लागली, त्याच मिरजेच्या डोळ्यांना. मी तिथंच चहा पिऊन आलो. घरी येऊन हे विजयमालाला सांगितलं, तर म्हणाली, "तिचा मोतीबिंदू, माझी नागीण. सारखं हाय व्हय?"

सूनबाई रोज सकाळी व्हिडिओ लावते. आधी अबोला होता, आता तीच लावते. बाळाला पडद्यापुढं धरते आणि मला म्हणते, "आजी कुठाय? आजीला बोलवा की, दादा." आजी माजघरात भिंतीला टेकून बसलेली असती. शब्दन् शब्द ऐकते, पण पडद्यापुढं येत न्हाई. मी सांगतो, आजी देवाला गेली. गड्या, ह्या महिन्याभरात आजी इतक्या वेळा देवाला गेलीय, की तिकडं सुनेला वाटत असंल सासूबाई संन्यास घेणार.

असो. तुझा किंमती वेळ खाल्ला. हळदीचा भाव चढो, साखर उतरो. उत्तर पाठवू नकोस. आलंच तर हीच आधी फोडून शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल.

तुझा
लालासाहेब

ता. क. — वर मागणं काही न्हाई म्हणून लिहिलंय, तेवढं खोडून वाच. काल भाकरी थापता थापता ही आपणहून म्हणाली, "मिरजंला येईन मी. पण एस्टीत लोकं डोळ्याकडं बघतील." मी तव्याकडं बघत राहिलो, तिच्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर शब्द फिरवला असता. तर सांगलीत चांगल्या दुकानातून बायकांचा काळा चष्मा घे. तिचं तोंड लहान हाय, वहिनींना घालून बघ, साधारण तेवढंच. आणि टपालानं पाठवू नकोस, येत्या आयतवारी स्वतः घेऊन ये.

आणखी ता. क. — मी मागवला म्हणून सांगू नकोस. वहिनींनी पाठवलाय म्हण. माझ्या हातून घेणार न्हाई. घरात घालून तिला सवय झाली, की सकाळी सूनबाईचा फोन लागला म्हंजे मी तो उचलून माजघरात नेणार हाय.

शेवटचं — दोन आण. दुसरा माझ्या मापाचा. म्हातारपणी हवालदाराला शौक सुटला म्हणून सगळी एस्टी माझ्याकडं बघून हसंल. हसू दे. तेवढा वेळ तिच्याकडं कुणी बघणार न्हाई.