मेडिकल लाईनचा बाप आणि बाळाची सुंता

३ नोव्हेंबर
मुलगा दवाखान्यातून घरी आला. देखणा आहे. पण ओला. सतत ओला. दवनीवाड्याच्या आमच्या घराला आता जो वास येतो, तो मी गोंदियाच्या लॅबमध्येसुद्धा खपवून घेत नाही. (तिथे काउंटरवर पेशंटची नावं लिहितो. म्हणजे मेडिकल लाईनच.) रश्मीला म्हटलं, खोलीत फिनाईल टाकू. ती म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत? बायको शिकलेली आहे, पण भावनिक.

५ नोव्हेंबर, सकाळ
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत म्हणे मुलगा जन्मला की सरळ सुंता. कातडीखाली मळ साचतो म्हणून. शी! पोहे गेले नाहीत. निर्णय पक्का. आपण विज्ञान मानणारे बौद्ध. घाबरतो काय?

संध्याकाळ
आईला सांगितलं. ती म्हणाली, "काऊन बा? लेकराले काही झाला का?" म्हटलं, झालं नाही, होऊ नये म्हणून. "मंग नाक बी काप. त्याच्यातून शेंबूड येते." असले प्रश्न उत्तराच्या लायकीचे नसतात.

८ नोव्हेंबर
कोहमाऱ्याला टायरवाल्या अशफाकभाईंकडे गेलो. त्यांच्यात सुंता होते, म्हणजे अनुभवी माणूस. म्हणाले, "हमारे यहाँ दीन-मज़हब का मामला है भाई, ख़ुशी से करते हैं. तुम काहे कर रहे?" सांगितलं, स्वच्छतेसाठी. "तो बच्चे को नहलाओ ना." निराशा झाली. मी टेक्निकल चर्चेला गेलो होतो.

परतताना एसटीत शेजारच्या बाईच्या लेकराने उलटी केली. माझ्याच बाजूला. या जिल्ह्यात स्वच्छतेसाठी झगडणारा मी एकटाच.

९ नोव्हेंबर
सर्जनची अपॉइंटमेंट घेतली. रश्मीला सांगितलं, लस द्यायची आहे. हे काही खोटं नव्हे. प्रतिबंध तो प्रतिबंधच.

११ नोव्हेंबर
दवाखान्याच्या पाटीने घात केला. रश्मीने वाचली. चिडली की ती थेट गावच्या बोलीवर येते. "लस द्याले सर्जन कायले? काय करून राहिले तुम्ही माह्या लेकराचा?" सगळी रांग वळून पाहायला लागली. खरं सांगावं लागलं. तिने बाळ छातीशी असं धरलं, जणू मीच सुरी घेऊन उभा आहे.

आत गेलो. मी डॉक्टरांना केस समजावली. त्यांनी विचारलं, "शूची धार कशी आहे?" मी व्हिडिओतलं सांगितलं: अत्यंत बारीक. रश्मी म्हणाली, "यांनी पाहिली कधी? लंगोटाले हात लावत नाहीत. किळस येते."

डॉक्टर म्हणाले, "सोडा लंगोट." मला. श्वास रोखून गाठ शोधली. सापडेना. रश्मीने मदत केली नाही. शेवटी सुटली.

तपासून म्हणाले, या वयात कातडी चिकटलेलीच असते, आपोआप मोकळी होईल. ओढू नका, कापायचं काही कारण नाही. रोज कोमट पाण्याने वरवर धुवा. धुवायचं कोणी, ते रश्मीने तिथेच ठरवलं.

१२ नोव्हेंबर, सकाळ
बाळाला धुतलं. मी. आई आणि रश्मी दारात उभ्या राहून बघत होत्या.
धार उत्तम आहे. चष्म्यापर्यंत येते.