शिलाई मशिनींच्या पेट्या

त्यांत्सिन, ३ सप्टेंबर १९२४

सकाळी कॉन्सुलसाहेबांचं भाषण चिनीत सांगितलं — इथल्या सेनापतींची भांडणं मिटेपर्यंत कोणतंही परकीय सरकार चीनला शस्त्रं विकणार नाही. टाळ्या! दुपारी त्याच टेबलावर साहेबांनी जनरल लुओच्या माणसाला तीन हजार बंदुका विकल्या. दुभाष्या तोच — मी. घसा दुखतोय. दुपारच्या सौद्यामुळे नव्हे, सकाळच्या भाषणामुळे.

पेट्यांवर 'शिलाई मशीन' छापतात. एवढ्या मशिनी उतरल्या, तरी शिपायांच्या अंगावर धड सदरे नाहीत!

५ सप्टेंबर

आज जनरल मेंगचा माणूस आला. मेंग म्हणजे लुओचा कट्टर वैरी. दोन्हीकडचे नेमके जिन्यात भेटले. "आधी तुम्ही उतरा." "छे छे, तुमच्याआधी मी कसा?" पुढच्या महिन्यात एकमेकांची डोकी उडवणार, पण आज आधी पाय कोणी टाकायचा यावर पाव तास वाकावाकी!

१३ सप्टेंबर

मध्यशरदाचा सण. लेक सू-वेन मूनकेक घेऊन आली. पाचवा महिना चालू आहे तिला. जावई कॅप्टन छ्याव, जनरल लुओच्या फौजेत.

"बाबा, मेंगला काडतुसं तुमचेच साहेब विकतात ना?"

"साहेब विकतात. मी फक्त बोलतो."

"मग ती लागणार कुणाला, तेही बोला की!"

मी अख्खा केक तोंडात कोंबला.

१५ सप्टेंबर

मेंगची काडतुसांची मागणी भाषांतराला आली. त्याच्या बंदुकांना आठ मिलिमीटरची लागतात. मी साडेसहा लिहिलं. घाला म्हणावं नळीत आणि फुंका! साहेबांनी न वाचता सही केली. वर म्हणाले, "तुझ्यासारखा विश्वासू माणूस नाही." बावीस वर्षांत पहिल्यांदाच चुकीचं भाषांतर केलं. दोन वाट्या भात जास्त गेला.

१० ऑक्टोबर

काडतुसांच्या 'शिलाई मशिनी' मेंगच्या छावणीत पोचल्या. पेट्या अजून कुणी फोडल्या नाहीत.

१७ ऑक्टोबर

सू-वेनचं पत्र. "बाबा, आता काळजी सोडा! आमचे हे पलटणीसकट मेंगकडे गेले. पगार दुप्पट. यांच्या जुन्या बंदुका जमा करून मेंगने आपल्या फौजेतल्या दिल्या, आणि नव्या काडतुसांच्या पेट्या सगळ्यांत आधी यांनाच! सोळा तारखेला खिंडीवर हल्ला आहे — पुढे हेच."

तीनदा वाचलं. सोळाच लिहिलंय.