अडकलेली पुंगळी

उस्ताद, तो रबरी चेंडू तुम्ही मला नेमका कशासाठी दिला होता? तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि याचं उत्तर मला काही देता येत नाही. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तुम्ही आसेगावहून आमच्या घरी आला होता. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून आईने चहात गुळाऐवजी साखर टाकली होती. तुम्ही बैठकीत न बसता स्वयंपाकघराच्या दाराशीच पाटावर बसलात, बशीत फुंकर मारत चहा प्यायलात आणि उठताना खिशातून तो लाल चेंडू काढून माझ्या हातावर ठेवलात. "दाबत जाय रोज," एवढंच म्हणालात. बाबा हसून म्हणाले, "आता हे मास्तरीण होईन, चेंडू कायले खेयन?" तुम्ही हसला नाहीत. बाबांकडे पाहिलंही नाही.

मला मात्र लगेच फायरिंगचा तो दिवस आठवला. कॉलेजच्या मागे मुरमाचा ढिगारा, समोर निशाण्याचे कागद, आणि तुमच्या शिट्टीवर सतरंजीवर पालथ्या झालेल्या आम्ही एन.सी.सी.च्या कॅडेट पोरी. माझ्या वाट्याला लाकडी दस्त्यावर जळका डाग असलेली रायफल आली होती. गोळी सुटली, मी बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती खीळ, मागे ओढला, आणि तो रिकामाच आला. बोल्टच्या तोंडाशी एक बारीक आकडा असतो. उडालेल्या काडतुसाच्या पुंगळीचा काठ धरून तिला बाहेर ओढायचं हे त्याचं काम. तो आकडा काठावरून निसटत होता आणि पुंगळी नळीच्या मागच्या तोंडात, चेंबरमध्ये, घट्ट बसून राहत होती. तुम्ही बोल्ट काढून पुढून सळई घालायचात, ती ढकलून बाहेर पाडायचात, आणि पुढच्या गोळीला पुन्हा तेच. शेवटी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "बोल्ट झटक्यानं ओढा लागते, पोरी. तू तं भाकर उलथून राह्यली. तुह्या हाताले जोर नाही." पोरी हसल्या. नेमबाजी शिबिराच्या संघात माझ्या जागी दुसरी गेली. नंतर विहिरीवरून कळशी उचलताना, बी.एड.ला फळ्यावर पहिल्यांदा खडू धरताना तेच वाक्य माझ्या कानात असायचं. चेंडू मी रोज दाबला, उस्ताद. तो आता चिरला आहे.

आता मी रिसोडला, त्याच कॉलेजात शिकवते. कॅडेट पोरी माझ्याकडे आहेत. तुम्ही लावलेला 'खाली चाप' मी तसाच चालू ठेवला होता. काडतुसं कायम तुटपुंजी, म्हणून रोज संध्याकाळी रिकाम्या रायफली घेऊन पालथं पडायचं, निशाणा धरायचा, श्वास रोखायचा, चाप दाबायचा, बोल्ट ओढायचा, पुन्हा चाप. तुम्ही त्याला आमचा हरिपाठ म्हणायचात. जळक्या डागाची रायफल त्या सरावासाठीच होती. माझ्या त्या दिवसानंतर तुम्ही ती फायरिंगला कधी नेली नाही, हे तेव्हा मी पाहत होते, पण त्याचा विचार केला नव्हता. या वर्षी एक रायफल दुरुस्तीला गेली, म्हणून मी रॅकच्या टोकाची ती डागाची रायफल फायरिंगला काढली.

ती ज्या मुलीच्या हातात गेली, ती तुमच्याच आसेगावची. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बापाने सांगून ठेवलं होतं, शिबिराच्या संघात नाव आलं तर पोरगी वसतिगृहात राहील, नाही आलं तर टोळीसोबत येईल. निवडीच्या फायरिंगला तिची पुंगळी अडकली. पुन्हा अडकली. माझ्यासोबतचे सर म्हणाले, "मॅडम, हिच्या हाताले जोरच नाही. दुसरी पाहा." ती आपला तळहात उलटा-सुलटा करून पाहू लागली. ते पाहणं मला ओळखीचं होतं.

मी निवड थांबवली. नळी ढिगाऱ्याकडेच ठेवून पुंगळी काढली आणि सळईला चिंधी लावून चेंबर पुसलं. जळकी दारू आणि मेण यांचा काळा थर निघाला, पण नंतरची पुंगळीही अडकलीच. आकडा पाहिला, त्याची धार शाबूत होती, स्प्रिंग नखाने दाबली तर उसळत होती. मग मी रायफल सरांनाच दिली. त्यांचीही अडकली, तेव्हा मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, तुमी बी भाकरच उलथून राह्यले का?" तुमचा टोमणा अजून या मैदानात हिंडतो आहे, उस्ताद.

मग मी सगळ्या पुंगळ्या रुमालावर, उन्हात मांडल्या. प्रत्येकीच्या अंगावर एकच ओरखडा होता, आणि तो दर वेळी काठावरच्या पिनेच्या खुणेपासूनच सुरू होत होता. या काडतुसात चाप दाबल्यावर सुटणाऱ्या पिनेचा मार मधे नाही, काठावर बसतो. चेंबर रिकामं असलं की तोच मार थेट पोलादाच्या कडेवर बसतो. रोजच्या खाली चापाने ती कड चेपून आत एक बारीक उंचवटा आला होता. गोळी सुटताना पुंगळी फुगते आणि त्या उंचवट्याला धरून बसते. चेंबरच्या कडेवरून सुईचं टोक फिरवलं, ते तिथेच अडलं. जो सराव आम्ही इतक्या निष्ठेने केला, त्यानेच रायफल बिघडवली होती.

हे तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल, तर तो चेंडू म्हणजे तुम्हाला तोंडाने म्हणता न आलेली गोष्ट होती. कळलं नसेल, तर माझ्या हाताला जोर यावा असं तुम्हाला मनापासून वाटत होतं. ती रायफल तुम्ही बाजूला ठेवलीत, म्हणजे कळलं होतं असं वाटतं. पण खाली चाप तिच्यावरच चालू ठेवलात, म्हणजे नव्हतं. की बिघडलीच आहे तर मार तिलाच बसू दे, बाकीच्या वाचतील, असं काही? मी दोन्हीकडून विचार करते आणि प्रत्येक वेळी आईच्या चुलीजवळ तुमच्या त्या न हसलेल्या चेहऱ्यापाशी येऊन थांबते.

हे पत्र चेंडूजवळच, कपाटात राहील. जे करायचं ते मी करून टाकलं आहे. ती रायफल शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मोररकडे गेली. खाली चाप बंद केला. आता सरावाच्या वेळी चेंबरमध्ये वापरलेली पुंगळी ठेवतो, मार तिच्या काठावर बसतो. त्या मुलीने दुसऱ्या रायफलीने गोळ्या झाडल्या, पुंगळ्या टणटण उडून सतरंजीवर पडल्या, नाव संघात आलं आणि तिची पेटी वसतिगृहात पोचली. पण त्याआधी, निवड थांबवली त्याच दिवशी, मी सगळ्या पोरींना आणि सरांना ढिगाऱ्यासमोर उभं केलं आणि तिला म्हटलं, "तुह्या हातात काही खोट नव्हती. खोट रायफलीत होती."

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिला ऐकू जायला लागतं त्याहून बरंच मोठ्याने मी ते बोलले.