मोठं करायचं बटण

सर, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला आठवायला नको. पण आठवतो. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय, आणि नीट सांभाळून ठेवलाय. तुमच्याबद्दल कोणी चांगलं बोललं की मी मान हलवते, चहा पिते आणि आतल्या आत तुमचं ते वाक्य पुन्हा एकदा ऐकते, राग शिळा होऊ नये म्हणून.

खोटं बोलायचं नाही, म्हणून आधी हे लिहिते की शिकवायचात तुम्ही छान. गंगापूर रोडवर मेडिकलच्या वर तुमचा तो क्लास. चपला बाहेर काढायच्या, आतला एसी आमच्यासाठी नाही तर कॉम्प्युटरसाठी आहे हे पहिल्याच दिवशी ऐकून घ्यायचं. वडील फुलांच्या टोपल्या बाजारात उतरवायचे आणि मला लूनावरून तिथे सोडायचे. माझ्या ओढणीला शेवंतीचा वास असायचा आणि मी कोपऱ्यातली खुर्ची धरायचे. माऊस पहिल्यांदा माझ्या हातात दिलात तो तुम्हीच. "घाबरू नको, चावत नाही," म्हणालात. कोर्स संपल्यावर सगळ्या बॅचमधून एकट्या मलाच शेजारच्या खोलीतल्या तुमच्या ऑफिसात नोकरीला घेतलंत, तेव्हा आईनं तुमच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला होता. तो तुम्ही उभ्याउभ्याच संपवला होतात.

साल सत्त्याण्णव. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी आपण व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्रॅम करत होतो. कुठल्या शेतकऱ्याचे किती क्रेट आले, किती निवडले, किती परत गेले, असा. स्क्रीन मी बनवत होते. चौकटी, बटणं, मधे मोठं टेबल. प्रत्येकाची जागा आणि माप आकड्यांनी ठरवून दिलेलं. एके दुपारी सहज प्रोग्रॅमची खिडकी मोठी करून पाहिली, तर ती पसरली आणि आतलं सगळं डाव्या कोपऱ्यात दाटीनं बसून राहिलं. बाकी नुसता करडा पत्रा. मी दोन दिवस खपून एक उपाय लिहिला. खिडकी जेवढ्या पटीनं मोठी होईल तेवढ्या पटीनं आतल्या प्रत्येक गोष्टीची जागा आणि माप बदलायचं. तुम्हाला दाखवायला गेले, तर तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गिऱ्हाईक बटणं नाचवायचे पैसे देतं का?"

"सर, उद्या त्यांनी मोठा मॉनिटर घेतला तर?"

"बॉर्डर फिक्स करून टाक. आणि वरचं मोठं करायचं बटण आहे ना, ते काढून टाक. बटणच नसलं तर मोठं कोण करणार?"

तुम्ही स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसलात. मी ते बटण काढलं. मालक तुम्ही होतात.

पुढच्या हंगामात पॅकहाऊसच्या मालकांनी, अण्णांनी, खरंच मोठा मॉनिटर घेतला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नव्या मॉनिटरवर आपली खिडकी पोस्टकार्डाएवढी दिसायला लागली, आणि ती मोठी करायची सोय आपण स्वतःच्या हातानं काढलेली. अण्णांनी बोलावून घेतलं. तुमच्या मारुतीतून आपण दोघं गेलो. पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बाया, टेम्पोवाले, दोन व्यापारी, सगळे त्या काचेच्या केबिनबाहेर उभे. अण्णा म्हणाले, "सर, हे काय हे? एवढुसं दिसतंय. मी काय भिंग घेऊन बसू का हितं?"

मी तुमच्याकडे पाहिलं. आता तुम्ही सांगाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिनं बनवलंय, अण्णा. मळ्यातली पोरगी आहे. हिला वाफे पाडायला सांगितलं असतं तर सरळ पाडले असते. स्क्रीनमधलं काय कळणार?"

हसले सगळे. बायाही हसल्या, ज्यांचे स्वतःचे हात मातीचे होते. माझ्या वडिलांचा वाफा दोरी लावल्यासारखा असतो, सर, त्यामुळे त्या शब्दाची लाज वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटली, आणि ती तुम्ही वाटायला लावलीत. परत येताना तुम्ही ओझरपाशी गाडी थांबवून म्हणालात, "मनाला लावून घेऊ नको. धंद्यात असं बोलावं लागतं. चहा घे." मी घेतला नाही. ग्लासात साय धरेपर्यंत तुम्ही एकटेच निवडणुकीबद्दल बोलत होतात. दुसऱ्या दिवशी मी आलेच नाही. का आले नाही, हे तुम्ही कधी विचारलंही नाहीत.

नाशिकरोडला एका लहान कंपनीत मला काम मिळालं. तिथे प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहायचे. आणि तिथेच मला कळलं की माझा तो उपायसुद्धा चुकलेलाच होता. मी सगळंच सारख्या पटीनं फुगवत होते. खिडकी दुप्पट झाली की 'सेव्ह'चं बटण विटेएवढं व्हायचं. इथली रीत निराळी. आकडे द्यायचेच नाहीत. कोणी कोणाला धरून राहायचं, कोणी उजव्या काठाला चिकटायचं, कोणी आहे तेवढंच राहायचं आणि मोकळी झालेली जागा कोणी घ्यायची, एवढंच सांगायचं. टेबल वाढेल, बटणं नाही. हे जमायला मला वर्ष लागलं. स्क्रीनवर पेट्यांत पेट्या बसवायच्या, कोपरा ओढून बघायचा, आतली एखादी पेटी भलतीकडेच पळायची, पुन्हा मोडायचं. मी मन लावून शिकले. विद्येच्या प्रेमानं शिकले असं मुलाखतीत सांगते. तुम्हाला खरं सांगते, मी ते तुमच्यासाठी शिकले. रोज कोपरा ओढताना मला अण्णांची केबिन दिसायची.

मग माझं स्वतःचं ऑफिस झालं आणि पहिला फोन मी पिंपळगावला केला. दुसरीकडे गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. अण्णा न्यायी माणूस. त्यांनी आपल्याला दोघांनाही आपापला प्रोग्रॅम दाखवायला एकाच दिवशी बोलावलं. तुम्ही थकलेले दिसत होतात. तुमचा प्रोग्रॅम तोच होता, फक्त खिडकी या वेळी मोठ्या स्क्रीनच्या मापानं फिक्स केलेली. माझी पाळी आली. कॉम्प्युटरवर आता अण्णांची सून बसायची. तिनं विचारलं, "ताई, मी ओढून बघू?" मी माऊस तिच्याकडे दिला. ती कोपरा धरते आणि ओढते. टेबल उलगडत जातं. आधी चार-पाच शेतकऱ्यांची नावं दिसत होती, आता दिवसभराची सगळी आवक समोर येते. बटणं उजव्या काठाला जागच्या जागी. ती खिडकी पुन्हा लहान करते, पुन्हा मोठी करते, खेळणं मिळाल्यासारखी, आणि मी तिला थांबवत नाही. मला तुमचा चेहरा पाहायचा असतो.

"लय बेस झालं," अण्णा म्हणाले. "आता भिंग नको."

आणि तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "माझीच विद्यार्थिनी आहे, अण्णा! बोट धरून शिकवलंय हिला मी."

तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो. वाफे पाडणारी पोरगी होते तेव्हा मी कोणाचीच नव्हते, आणि आता मात्र तुमची? मी हात बाजूला केला. "हो ना सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठं करायचं बटण काढून टाकायला तुम्हीच शिकवलंत मला."

सून फिसकन हसली. अण्णा खाली बघायला लागले. तुम्ही बॅगेत कागद भरत होतात आणि बॅगेचं कुलूप लागत नव्हतं. तुम्ही दाबत होतात, ते उघडत होतं. मी मदत केली नाही. बघत राहिले. इतकं गोड मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

तिथे थांबता आलं असतं. थांबले नाही. तुमची बाकीची गिऱ्हाईकं, तो दातांचा दवाखाना, ती रोपवाटिका, कॉलेज रोडचं टायरचं दुकान, मी एकेकाकडे गेले. काहींना तर माझा प्रोग्रॅम फुकटात बसवून दिला. तुम्ही ऑफिस बंद केलंत तेव्हा मी तीच जागा भाड्यानं घेतली आणि चपला बाहेर काढायचा नियम पहिल्याच दिवशी मोडला. तुम्ही गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी त्या खोलीत पूर्ण दिवस काम केलं. दशक्रियेलाही आले नाही.

मागच्या आठवड्यात काकू भेटल्या, तुमच्या मिसेस, गंगापूर रोडलाच, भाजी घेताना. मी कोण ते त्यांना लगेच आठवलं, पण मी काय केलं ते त्यांना ठाऊक नसावं. मेथीची जुडी निवडत त्या साधेपणानं बोलत होत्या. "ऑफिस बंद केल्यावर हे घरी तेच करत बसायचे गं. जावाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. दिवसभर ती खिडकी ओढायची, सोडायची. मला बोलावून दाखवायचे, बघ, टेबल कसं वाढतंय. फक्त खिडकी लहान केली की खालची बटणं नाहीशी व्हायची, आणि मग चिडचिड. मी म्हटलं, अहो, तिला विचारा ना. तर उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले."

मला वाईट वाटायला हवं होतं, सर. मी वाट पाहिली. काकू सुटे पैसे मोजत होत्या तोवर पाहिली. पण आधी आली ती खुशी, की बटणं नाहीशी होत होती. आणि लगेच तुमचं काय चुकत होतं ते समजलं. एका ओळीचं काम होतं. विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं. हे काकूंना बोलले नाही, तुम्हाला सांगते.

हे पत्र कुठे जायचं नाही, आणि जाणार असतं तरी मी पाठवलं नसतं. एवढंच कबूल करते की मघाशी इथेच, या वाक्याच्या जागी, तुमची बटणं जागेवर ठेवणारी ती ओळ मी लिहिली होती. पूर्ण, जावात प्रत्येक ओळीच्या शेवटी लागतो त्या अर्धविरामासकट. मग खोडली, आणि तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून पुन्हा एकदा खोडली.