अर्ध्या गाण्याला टाळ्या

नागपंचमी, दिवेलागण

लिही गं सूनबाई, आन् मी सांगते तसंच लिही, तुझं शहाणपण घालू नको.

ग्रामपंचायतीनं नव्या सभागृहात बायकांचा कार्यक्रम ठेवला. माझा फोटो मोबाइलवर आधीच फिरला, नवरीगत. हातात माइक दिला. मी पंचमीच्या फेराची पहिली ओळ म्हटली आन् थांबले. रीतच हाय तशी. एकीनं विचारायचं, समोरचीनं उत्तर द्यायचं. उत्तर कायम माझ्या जोडीणीचं, पारूचं. पारू गेल्या साली गेली, हे का मला ठाऊक न्हाई? तरी थांबलेच.

सरपंचबाईंना वाटलं, म्हातारी विसरली. "वा आजी, छान!" टाळ्या. शाल. एका ओळीला टाळ्या!

वाटेत तू म्हणालीस, "आत्या, मला तरी खुणवायचं."

"तुला येतंय व्हय उत्तर?"

टाळ्या मात्र तूबी वाजवल्यास.

घरी येऊन म्हटलं, दोन्ही बाजू आपणच म्हणू. माझी आली. पारूची येईना. ती गायची तवा मी दम घ्यायची, पुढची ओळ जुळवायची. तिचं कवा ऐकलंच न्हाई नीट. आता कुणाला विचारू?