दुपारचं दळण

४ जुलै
संपादकांना 'वीज का महागते' हे सोपं करून हवं होतं. मी इंधनभाराचा अन्वय लावून दिला. त्यांचा फोन— "पंडितजी, आता याचं मराठी करा."

५ जुलै
केलं. कोळसा महागला की दर चढतो. तारांतली गळती आपल्याच बिलात येते. दुकानं-कारखाने चढ्या दरानं भरतात, म्हणून घरचा दर जरा सुसह्य. आणि धंद्याच्या मीटरला आता वेळ पाहून दर— दुपारी सूर्याची वीज मुबलक, म्हणून स्वस्त. संध्याकाळी सगळ्यांची बटणं एकदम दाबली जातात, म्हणून महाग.
भानुमतीनं (सहधर्मचारिणी; वाचक नव्हे) लेखावर मेथी निवडली.

८ जुलै
एक वाचक सापडली! खालची सरूबाई, पिठाची गिरणीवाली. तिची गिऱ्हाइकं सगळी संध्याकाळची, म्हणजे नेमकी महाग विजेची. असंच चाललं तर गिरणी विकून करमाडला लेकीकडं जाणार म्हणते. मी सुचवलं, डबे ठेवून घ्या, दुपारी दळा. ती हसली.
"भाऊ, डबा सोडून जाईल अशी बाई औरंगपुऱ्यात जन्मायची हाय."
आपल्या ज्वारीत दुसरीचं पीठ मिसळेल ही धास्ती. दळण डोळ्यांदेखतच हवं— आणि दुपारची झोप कोण सोडतं?

९ जुलै
तोडगा! साक्षीदार म्हणून दुपारी मी बसणार. शेजारच्या यमुनाबाईंनी गल्लीला हमी दिली— शास्त्र शिकलेला माणूस आहे. डबे आले. संध्याकाळची गिरणी बंद. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता.

२० जुलै
उद्याच्या एकादशीसाठी यमुनाबाईंची भगर आली. गव्हानंतर भगर घालायची तर आधी मूठभर दळून जातं साफ करायचं. आठवण करून द्यायची मी. साक्षीदार घोरत होता.

२१ जुलै
यमुनाबाईंचं भगरीचं थालीपीठ चक्क पोळीसारखं लाटलं गेलं. दोन घास झाल्यावर गव्हाचा संशय आला! दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "तुमच्या देखत माझा उपास मोडला."

२२ जुलै
सगळे डबे परत गेले. सरूबाईनं गिरणी घेणारं गिऱ्हाईक बघायला सांगितलंय, हे भानुमतीकडून कळलं. जेवण गेलं नाही.

२५ जुलै
दुपारी गिरणीत पाय ठेवायला जागा नाही. यमुनाबाई बाकावर पहिल्या. संध्याकाळची गिरणी बंदच, म्हणून झोप सोडून सगळ्या स्वतः हजर— साक्षीदारावर आता कुणाचाच भरवसा नाही. सरूबाई पट्टा चढवत हळूच म्हणाली,
"भाऊ, उद्याबी या. आन् तसेच झोपा."